दूरच्या लष्करी ठाण्यावर चित्रं काढायला जायचं असेल तर तयारी काय करायची

सगळ्यात आधी डोक्यातून एक गोष्ट काढून टाका, की आपण लढाई काढायला चाललोय. दूरचं ठाणं बर्फात असो, वाळवंटात असो नाहीतर भर समुद्रातल्या एखाद्या बेटावर, तिथली माणसं बहुतेक वेळ वाट बघत असतात. हेलिकॉप्टरची, टपालाची, वारा पडायची, ड्युटी संपायची, सुट्टी मंजूर व्हायची. आणि उरलेला वेळ जातो वस्तू चालू ठेवण्यात, म्हणजे जनरेटर, गोठलेला पाइप, गाडीचं इंजिन, ओले मोजे. तुम्ही काढणार ते हेच. हे एकदा पटलं की बॅगेत काय भरायचं, सराव कशाचा करायचा, परवानगी कशाची मागायची ही सगळी गणितं बदलतात. नाहीतर काय होतं, माणूस तोफा आणि धूर डोळ्यासमोर ठेवून जातो आणि दोनचार दिवसात "इथे काढण्यासारखं काहीच नाही" म्हणत कोपऱ्यात बसतो, आणि तेवढ्यात त्याच्या समोर कोणीतरी मित्राचे केस कापत असतो, जे चित्र सोन्यासारखं होतं.

परवानगी आणि कागदपत्रं

हे काम कंटाळवाणं आहे पण सगळ्यात जास्त वेळ यालाच लागतो, त्यामुळे सुरुवात इथून. चित्रकाराला सैन्यासोबत पाठवायची पद्धत जुनी आहे, ब्रिटनने १९१६ मध्ये म्युरहेड बोनला पहिला अधिकृत युद्धचित्रकार नेमलं, कॅनडाची योजना पण त्याच वर्षी सुरू झाली. आजही काही देशांत अशा योजना आहेत, कॅनडाच्या सैन्याचा कलाकारांसाठीचा सध्याचा कार्यक्रम २००१ पासून चालू आहे, ऑस्ट्रेलियाने १९९९ मध्ये पूर्व तिमोरला रिक अॅमॉर आणि वेंडी शार्प या चित्रकारांना पाठवलं होतं. तुमच्याकडे अशी योजना असेल तर तिथूनच अर्ज करा. नसेल तर सैन्याच्या जनसंपर्क विभागाकडे लेखी प्रस्ताव द्या, आणि प्रस्तावात "सैनिकांचं जीवन रेखाटायचंय" एवढं मोघम लिहू नका. किती दिवस, कुठल्या मापाची वही, फोटो काढणार का नाही, चित्रांचं पुढे काय होणार, हे सगळं स्वच्छ लिहा. एक-दोन पानं पुरतात. सोबत आधीची चित्रं जोडा, शक्यतो काम करणाऱ्या माणसांची, निसर्गचित्रं जोडून काही उपयोग नाही.

आता करार. यात चार गोष्टी लेखी हव्यातच: मूळ चित्रं कोणाची, कॉपीराइट कोणाचा, प्रदर्शन किंवा पुस्तक करायला पुन्हा विचारावं लागेल का, आणि बाहेर पडायच्या आधी चित्रं कोण तपासणार. शेवटच्या मुद्द्यावर जरा अडून बसा. तपासणी सुरक्षेसाठी असावी, आवडीनिवडीसाठी नको, आणि हे शब्दात लिहून घ्या. सी. आर. डब्ल्यू. नेविन्सन या ब्रिटिश युद्धचित्रकाराचं प्रकरण यासाठी आठवणीत ठेवा, त्याने १९१७ मध्ये काटेरी तारांजवळ मरून पडलेले दोन ब्रिटिश सैनिक रंगवले, सेन्सॉरने चित्र अडवलं, तर १९१८ च्या प्रदर्शनात त्याने ते चित्र टांगलं आणि वरून तपकिरी कागदाची पट्टी लावून त्यावर "सेन्सॉर्ड" लिहिलं. त्यावरूनही त्याला बोलणी खावी लागली, चित्र दाखवलं म्हणून आणि तो शब्द परवानगीशिवाय वापरला म्हणूनही. गंमत वाटते वाचायला पण आपल्यावर ती वेळ नको.

इन्शुरन्सचं बारीक अक्षर वाचा, साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत युद्ध आणि लष्करी कारवाई बऱ्याचदा वगळलेली असते. घरच्यांशी पण मोकळेपणाने बोलून ठेवा, बँकेचे कागद, इच्छापत्र वगैरे. अभद्र बोलतोय असं वाटेल, पण एरिक रॅविलियस हा ब्रिटिश युद्धचित्रकार २ सप्टेंबर १९४२ ला आइसलँडहून एका बेपत्ता विमानाच्या शोधात निघालेल्या विमानात बसला आणि ते विमान परत आलंच नाही. तो लढाईवर गेला नव्हता, शोधमोहिमेत सोबत गेला होता. दूरच्या ठाण्यावर धोका बहुतेकदा हवामानाचा आणि प्रवासाचाच असतो.

ज्या भागात खरोखर संघर्ष चालू आहे तिथे जाणार असाल तर अजून एक. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात सैन्यासोबत अधिकृत परवानगीने जाणाऱ्या नागरिकांचा वेगळा उल्लेख आहे, अशा लोकांना सैन्याने ओळखपत्र द्यायचं असतं. ते मागून घ्या आणि अंगावर ठेवा. गणवेशासारखे कपडे घालू नका. हत्यार हातात घेऊ नका, गमतीत फोटोसाठी सुद्धा नाही.

काय काढायचं नाही

फोटोपेक्षा स्केचचा मोठा फायदा हा की नको ते गाळता येतं. पण नको ते काय, हे माहीत पाहिजे. अँटेना आणि त्यांची दिशा, ठाण्याचा नकाशा होईल असं वरून काढलेलं दृश्य, भिंतीवरचे नकाशे आणि लिहायचे फळे, कॉम्प्युटरचे स्क्रीन, गाड्यांची संख्या, दारूगोळा कुठे ठेवतात, पहारा कधी बदलतो, हे नकोच. छातीवरची नावाची पट्टी आणि दंडावरचं चिन्ह तिथे विचारल्याशिवाय काढू नका. आणि एक गोष्ट लोकांना पटकन सुचत नाही ती म्हणजे मागची डोंगररांग. तुम्ही हुबेहूब रेखाटणारे असाल तर तुमच्या डोंगराच्या रेषेवरून ठाणं नेमकं कुठे आहे हे शोधता येतं, म्हणून मागची रेषा मुद्दाम बदला नाहीतर ढगात घालवा. इथे प्रामाणिकपणा बिमाणिकपणा आड आणू नका, चित्राचा विषय समोरचा माणूस आहे.

स्केचशेजारी आपण जे लिहितो ना, तारीख वेळ जागा, ते चित्रापेक्षा जास्त धोक्याचं असतं. "रात्री अमुक वाजता उत्तर बाजूचा पहारा" हे वहीत लिहायचंच नाही. "रात्र, थंडी, तिसरा कप चहा" एवढं लिहिलं तरी तुम्हाला नंतर सगळं आठवतं.

फोन, घड्याळ, फिटनेस बँड या सगळ्याचं लोकेशन बंद, किंवा सरळ घरी ठेवा. स्ट्राव्हा नावाच्या व्यायामाच्या अॅपने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरातल्या पळणाऱ्यांचा नकाशा टाकला होता आणि जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की ओसाड भागातल्या लष्करी तळांच्या आतल्या वाटा त्यात चमकतायत. बिचारे सैनिक फक्त जॉगिंग करत होते.

सामान

कमी घ्या. अजून कमी घ्या. जे नेलंय ते तुम्हालाच उचलायचंय, आणि हेलिकॉप्टरमध्ये तुमच्या रंगपेटीच्या वजनाचं कोणाचं तरी औषध किंवा भाजी राहून जाते हे लक्षात ठेवा.

थंडीच्या ठाण्यावर राजा कोण तर पेन्सिल. ग्रॅफाइट गोठत नाही, गळत नाही, चार्ज करावी लागत नाही. एडवर्ड विल्सन, जो पेशाने डॉक्टर होता आणि रॉबर्ट स्कॉटच्या दोन्ही अंटार्क्टिक मोहिमांवर चित्रं काढायचा, तो बाहेर फक्त पेन्सिलने रेखाटायचा आणि त्यावरच रंगांची नावं लिहून ठेवायचा, मग आत येऊन त्या नोंदींवरून वॉटरकलर करायचा. शंभरहून जास्त वर्षं झाली, यापेक्षा चांगली पद्धत मला तरी माहीत नाही. स्वतःची रंगांची लिपी घरीच तयार करा. उदाहरणार्थ छटांना १ ते ९ आकडे, १ म्हणजे कोरा कागद आणि ९ म्हणजे सगळ्यात गडद, आणि रंगांना दोन-दोन अक्षरं. बर्फ कधीच नुसता पांढरा नसतो, सावलीत निळा, संध्याकाळी गुलाबी, डिझेलच्या धुराशेजारी मळकट पिवळा, आणि हे आत आल्यावर दहा मिनिटात विसरायला होतं.

फाउंटन पेन विमानात गळतो, न्यायचाच असेल तर पूर्ण भरून न्या नाहीतर पूर्ण रिकामा. बॉलपेनची शाई थंडीत घट्ट होते, जेल पेनची गोठते. मेणाच्या रंगीत पेन्सिली कडक होऊन कागद नुसत्या खरवडतात. वॉटरकलरच्या पाण्यात थोडं अल्कोहोल टाकलं तर ते उशिरा गोठतं, पण खूप थंडीत तेही चालत नाही आणि रंग पसरतो पण वेगळाच. अॅक्रिलिक विसरा, साधारण १० अंश सेल्सियसच्या खाली त्याचा थर नीट धरत नाही आणि ट्यूब गोठली की रंग खराब होऊ शकतो. ऑइल पण नको, टर्पेंटाइन विमानात नेता येत नाही, आणि जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचे बोळे गोळा करून टाकले तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात, जे एका छोट्या खोलीत शेगडीशेजारी कोणालाच नकोय. फिक्सेटिव्हचा, म्हणजे रेघ पुसली जाऊ नये म्हणून मारायचा, स्प्रे पण ज्वलनशील, म्हणून विमानात बंद. कोळसा किंवा कॉन्टे (कडक खडूसारखी कांडी) वापरणार असाल तर प्रत्येक दोन पानांमध्ये बटर पेपर घाला. १९८२ च्या फॉकलंड युद्धात लिंडा किटसन ब्रिटिश सैन्यासोबत अधिकृत चित्रकार म्हणून गेली होती, तिची बरीचशी चित्रं कॉन्टे क्रेयॉनचीच आहेत, म्हणजे वाऱ्यात आणि थंडीत भराभर काढायला ते माध्यम चालतं हे नक्की.

कुठलंही पेन, मार्कर, ब्रश-पेन घ्यायच्या आधी सोपी परीक्षा: घरच्या फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवा, तिथे साधारण उणे १८ असतं, सकाळी बाहेर काढल्या काढल्या लिहून बघा. जे चालेल ते बॅगेत. बाकीचं घरी.

वही शिवलेली घ्या, स्पायरलची नको, कारण शिवलेल्या वहीत पानं फाडली नाहीत हे तपासणाऱ्याला दिसतं. जायच्या आधीच सगळ्या पानांवर आकडे घाला, यानेच निम्मा विश्वास बसतो. दोन मध्यम वह्या एका मोठीपेक्षा बऱ्या. शिवाय पोस्टकार्डाएवढे सुटे जाड कागद भरपूर घ्या, का ते खाली येईल. कागद झिपलॉकमध्ये.

वाळवंटात उलटं, वॉटरकलर कागदाला लागेपर्यंत वाळतो, धूळ प्रत्येक ओल्या गोष्टीवर बसते, आणि घामाचा थेंब नेमका चित्रातल्या चेहऱ्यावरच पडतो. मनगटाला एक पट्टी बांधा, झालं. दमट बेटावर कागद मऊ पडतो, तिथे वॉटरप्रूफ सिंथेटिक कागद आणि पेन्सिल.

कॅमेरा किंवा टॅबलेटची परवानगी असेल तर बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा, थंडीत त्या लवकर उतरतात. पॉवर बँक विमानात हँडबॅगेतच. बऱ्याच टॅबलेटचं कामाचं तापमान ० ते ३५ अंश असतं, म्हणजे खऱ्या थंडीत ते फक्त ओझं. आणि बाहेरून उबदार खोलीत यायच्या आधी कॅमेरा बंद पिशवीत घाला, पिशवीसकट गरम होऊ द्या, नाहीतर बाष्प थेट लेन्सच्या आत.

हेडलॅम्प लाल दिव्याचा घ्या, कारण पांढऱ्या दिव्याने पहाऱ्यावरच्या माणसाची अंधाराला सरावलेली नजर जाते. पण तो लावायच्या आधीही विचारा. आणि हो, लाल उजेडात लाल पेन्सिलची रेघ दिसतच नाही, तेवढं सांभाळा. ध्रुवाजवळ जाणाऱ्यांना हे जास्त लागेल, कॅनडाचं अलर्ट ठाणं उत्तर ध्रुवापासून साधारण ८१७ किलोमीटरवर आहे आणि तिथे ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत सूर्य उगवतच नाही, मग चित्रातला सगळा प्रकाश दिव्याचा.

शरीर

दाताच्या डॉक्टरकडे जाऊन या. हसू नका. दात दुखायला लागला आणि हवामान बंद झालं तर तुमच्यासाठी कोणीतरी जीव धोक्यात घालून उड्डाण करायचं का, असा प्रश्न उभा राहतो. रोजची औषधं दुप्पट घ्या, कारण परतीची तारीख ही फक्त इच्छा असते.

उंचीवरचं ठाणं असेल तर २५०० मीटरच्या वर त्रास सुरू होऊ शकतो. ३००० मीटरच्या वर झोपायची जागा दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. सैन्याचं स्वतःचं वेळापत्रक असेल ते पाळा, "मला बरं वाटतंय" म्हणून पुढे पळू नका, पहिले दिवस विश्रांतीचे असतील तर पडल्या पडल्या खोलीच काढा. डोकं दुखतंय, मळमळतंय तर लगेच सांगा, लपवलं की ओझं तुम्ही होता.

डोळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार दर १००० मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. विल्सनला स्वतःला हिमांधत्वाचा (बर्फावरच्या उन्हाने डोळे जाण्याचा) भयंकर त्रास झाला होता, चित्रं काढायला गॉगल काढायचा म्हणून. गॉगल राखाडी काचेचा घ्या, त्यातून रंग फारसे बदलत नाहीत, पिवळ्या किंवा तपकिरी काचेतून सगळी नोंद चुकते. हातांना आत पातळ लोकरी मोजा आणि वर मोठा मिटन, म्हणजे बोटं एकत्र राहतात तो हातमोजा, मिटन दोरीने गळ्यात, म्हणजे काढला तरी वाऱ्याने उडत नाही. रेघ मारायची, हात परत आत. बोट पांढरं आणि बधिर झालं की चित्र संपलं, पुढची रेघ नाही.

सराव

जायच्या दोन महिने आधीपासून उभं राहून काढा. खुर्चीची सवय मोडा. हातमोजे घालून काढा, पाठीवर बॅग घेऊन काढा, कमी उजेडात काढा. दोन मिनिटांत उठून जाणारी माणसं काढा, गॅरेजमध्ये, बसस्टँडवर, मोठ्या स्वयंपाकघरात, कुठेही जिथे लोक हाताने काम करतात आणि तुमच्यासाठी थांबत नाहीत.

जाड कपड्यांचा वेगळा सराव लागतो. थंडीच्या गणवेशात टोपी, गॉगल, मफलर घातलेली सगळी माणसं सारखीच दिसतात, चेहरा म्हणून काही उरतच नाही. मग माणूस ओळखायचा कसा तर उभं राहण्यावरून, एका पायावर वजन देण्यावरून, कप धरायच्या पद्धतीवरून. मित्रमंडळींना रेनकोट घालून पाठमोरं उभं करा आणि बघा नुसत्या आकारावरून कोण कोण ते कळतंय का. हा सराव मला बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे गेल्यावर निम्मी चित्रं पाठमोरीच होतात.

हुद्दे आणि वस्तूंची नावं शिकून जा. कोणाला काय हाक मारायची ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. रायफल चुकीची काढली तर तिथले लोक बाकी चित्र बघतच नाहीत.

तिथे गेल्यावर

पहिले एक-दोन दिवस वही कमी आणि हात जास्त. भांडी घासा, बर्फ काढा, सामान उतरवायला लागा. जो माणूस काही न करता बसून आपल्याकडे बघतो तो कोणालाच आवडत नाही. फक्त अधिकाऱ्यांसोबत जेवू नका, जिथे सगळे जेवतात तिथे बसा.

संमतीचा प्रश्न सैन्यात जरा अवघड असतो. वरिष्ठांनी "बस रे, साहेबांना चित्र काढू दे" म्हटलं की समोरच्याला नाही म्हणायची सोयच राहत नाही. म्हणून नंतर एकट्याला गाठून विचारा, की वापरू का, चेहरा ठेवू का बदलू. झोपायची जागा, त्यावरचे फोटो, पत्रं, हे तर विचारल्याशिवाय अजिबात नाही, जरी तेच सगळ्यात चांगलं व्यक्तिचित्र होत असलं तरी. हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराने १९४० च्या बॉम्बहल्ल्यांच्या वेळी लंडनच्या भुयारी स्टेशनांत झोपलेले लोक काढले, पण तिथे समोर बसून नाही. तो थोड्या नोंदी करायचा, त्याही लपून, आणि चित्र नंतर आठवणीतून काढायचा, कारण लोकांच्या खाजगी आयुष्यात घुसल्यासारखं त्याला वाटायचं. ही पद्धत शिकून घ्या, बघायचं, वही बंद ठेवायची, खोलीत येऊन काढायचं.

ते पोस्टकार्डाएवढे कागद आता उपयोगी. लोकांना घरी पाठवायला स्वतःचं चित्र हवं असतं आणि एकाला दिलं की रांग लागते. द्या, पण दिवसाला दोन-तीन असं आधीच जाहीर करा. आणि ते चित्र घरी पाठवायला चालतं का हे त्यांच्या वरिष्ठांना आधी विचारून ठेवा.

अपघात झाला, कोणी जखमी झालं, कोणी गेलं, तर वही बंद. तिथल्या लोकांनी स्वतःहून "काढ" म्हटलं तरच काढा. पकडलेल्या माणसांच्या बाबतीत तर त्याच तिसऱ्या जिनिव्हा कराराचं १३ वं कलम सांगतं की युद्धकैद्यांना लोकांच्या कुतूहलापासून वाचवायचं, म्हणजे ओळखू येईल असा चेहरा नाहीच.

रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं त्या दिवसाच्या पानांवर बसा. विसरायच्या आधी रंगांच्या नोंदी पूर्ण करा, आवाज आणि वास पण लिहा, जनरेटर कुठल्या बाजूने ऐकू येत होता असं नाही (जागा नको), नुसतं "जनरेटर, सतत" असं. रंग लावायचा असेल तर याच वेळी.

निघायच्या आदल्या दिवसावर तपासणी ठेवू नका, तेव्हा तपासणारा घाईत असतो आणि शंका आली की पूर्ण वही ठेवून घेतो. दर आठवड्याला स्वतः नेऊन दाखवा. एखाद्या पानावर आक्षेप आला तर आधी विचारा नेमका कुठला भाग, बहुतेकदा कोपऱ्यातली एखादी गोष्ट असते जी खोडरबराने जाते. आणि परवानगीची सही पानाच्या मागे तारखेसकट घ्या, समोर नाही, नाहीतर पुढे प्रदर्शनात फ्रेम करताना ती सहीच आधी दिसते.

घरी आल्यावर वह्या दोन-तीन दिवस मोकळ्या हवेत उभ्या उघडून ठेवा, मग स्कॅन करा, आणि ज्यांना कॉपी पाठवायचं कबूल केलं होतं त्यांच्या प्रिंट पहिल्या काढा. युनिटची जागा बदलत असते, उशीर केला तर पत्ता राहत नाही.